कोरियन रेस्टॉरंटला पहिल्यांदा जाताय? काय आधी मागवायचं आणि शेगडीवर काय आधी टाकायचं

माझ्या ओळखीतली तीन-चार घरं गेल्या वर्षभरात महागड्या कोरियन रेस्टॉरंटला जाऊन आली. कोणी इथेच गोव्यात हणजूण-आसगाव भागात, कोणी मुलाला भेटायला बंगळूरला गेले तेव्हा, कोणी पुण्याला. आणि परत आल्यावर सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, पैसे भरपूर गेले, पोट भरलं नाही आणि नेमकं काय खाल्लं तेही कळलं नाही. मागवलं कसं म्हणून विचारलं तर उत्तरही एकच, प्रत्येकाने एकेक डिश.

आमच्या घरचंही पहिल्यांदा तसंच झालं होतं. आई, बाबा, आत्या, माझा नवरा आणि मी, फोंड्याहून गेलो होतो. आपल्याला चायनीज हॉटेलची सवय, म्हणजे आधी सूप, मग स्टार्टर, मग राईस-नूडल्स. इथे तो क्रम चालतच नाही. उलट आपल्या घरी जेवतो ते डोळ्यासमोर आणा. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाचं कालवण, तळलेला बांगडा, सुक्या मासळीचं किसमूर, लोणचं, सोलकढी सगळं एकदम पानात येतं आणि आपण या घासाला हे, त्या घासाला ते असं जेवतो. कोरियन टेबल अगदी तसंच, फक्त पान प्रत्येकाचं वेगळं नसतं, अख्ख्या टेबलाचं मिळून एकच पान असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

खालचे टप्पे आहेत ते शेगडी टेबलातच बसवलेल्या बार्बेक्यूवाल्या रेस्टॉरंटसाठी, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात. ठरलेला दहा-बारा कोर्सचा टेस्टिंग मेनू असेल तर ऑर्डर आणि भाजणं तुमच्याकडे नसतंच, त्यांच्यासाठी फक्त पहिला टप्पा नीट वाचला तरी पुरे.

टप्पा १: घरातून निघायच्या आधी

पहिलं म्हणजे कॅलेंडर बघा. हसण्यासारखं वाटेल पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण यातलं काही आलं की घरातली निम्मी माणसं नुस्तं म्हणजे मासळीसुद्धा खात नाहीत, आणि कोरियन रेस्टॉरंटमध्ये शिवराक, म्हणजे शाकाहारी, माणसाला ऐनवेळी सांभाळून घेणं फार कठीण. तो दिवस टाळा. आणि गोव्यातच जाणार असाल तर पावसाळ्यात आधी फोन केल्याशिवाय निघू नका, किनाऱ्याकडची बरीच रेस्टॉरंट जून ते सप्टेंबर बंद तरी असतात नाहीतर वेळा बदललेल्या असतात.

दुसरं, माणसं मोजा. चार जण ही सगळ्यात चांगली संख्या, एका शेगडीभोवती चौघं आरामात बसतात. सहा असतील तर दोन शेगड्यांचं टेबल मागा. दोघंच असाल तरी चालतं पण मग प्रकार कमी चाखायला मिळतात, कारण भाजायच्या मांसाचे एका प्रकाराचे किमान दोन पोर्शन घ्यावे लागतील असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो.

तिसरं म्हणजे फोन, आणि हा फोन टेबल बुक करण्यापुरता नाही. एवढ्या गोष्टी विचाराच:

- टेबलात शेगडी आहे का, कोळशाची की गॅसची, आणि भाजून ते देतात की आपण भाजायचं.
- बसायला खुर्च्या आहेत की जमिनीवर. काही ठिकाणी पारंपरिक खोलीत चपला बाहेर काढून खाली बसावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन तास तसं बसवत नाही.
- बीफ म्हणून लिहिलंय ते कसलं आहे, आणि पोर्क-बीफ न खाणाऱ्यांसाठी चिकन, मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी, किंवा मश्रूम शेगडीवर मिळतील का.
- एका पोर्शनमध्ये कच्चं मांस किती ग्रॅम. साधारण १५० ते २०० ग्रॅम असतं, पण जागेनुसार बदलतं आणि किंमत बघताना हाच आकडा लागतो.

आता शिवराक माणसांबद्दल, आणि हे मी जरा जोर देऊनच सांगते. आमची आत्या कित्येक वर्षांपासून पूर्ण शाकाहारी. त्या पहिल्या वेळी किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, टेबलावर आली तेव्हा मी वेटरला विचारलं "किमची व्हेज आहे ना", तो हो म्हणाला, बिचाऱ्याला कोबी दिसत होता, आणि आत्याने अर्धी वाटी संपवली. नंतर आतल्या शेफने बाहेर येऊन सांगितलं की त्यात खारवलेली सुंगटं आणि माशाचा सॉस दोन्ही आहेत. आत्या कोणाला काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही, मला ते अजून लागतं. चूक माझ्या प्रश्नाची होती. "व्हेज आहे का" असं विचारायचंच नाही, जिनसांची नावं घेऊन विचारायचं.

कुठे काय लपलेलं असतं ते बघा:

- किमचीत बहुतेक वेळा खारवलेली बारीक सुंगटं, जॉत म्हणतात त्याला, आणि माशाचा सॉस. आपल्याकडे गालमो वापरतात त्यातलाच प्रकार.
- जिगे म्हणजे उकळतं कालवण. वरून टोफू-भाजी दिसली तरी खालचं पाणी बहुतेक वेळा सुक्या ॲन्चोवी माशाचं असतं. तोकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाचे चिवट रोल लाल सॉसमध्ये, त्याचंही तसंच.
- नेंगम्योन, बर्फासारख्या थंड पाण्यातल्या नूडल्स. तो थंड रस्सा बहुतेक ठिकाणी बीफचा. बीफ न खाणारे इथे हमखास फसतात कारण वाडग्यात मांस फारसं दिसतच नाही.
- बिबिमबाप म्हणजे वर भाज्या घालून कालवायचा भात, आणि जाप्चे म्हणजे भाज्या घालून परतलेल्या नूडल्स, या दोन्हीत बऱ्याचदा बारीक केलेलं किंवा कातरलेलं बीफ, मेनूत भाज्यांचाच फोटो असला तरी.
- मियोकगुक म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप, यातही बऱ्याचदा बीफ.

फोनवरच सांगा की एक माणूस मासे, सुंगटं, मांस, स्टॉक काहीच खात नाही, अंडं चालतं की नाही तेही सांगा, आणि त्यांच्यासाठी काय करता येईल ते विचारा. मांस आणि अंड्याशिवाय बिबिमबाप, मांसाशिवाय जाप्चे, भाजलेला टोफू, भाज्यांचं जॉन म्हणजे आपल्या धिरड्यासारखा प्रकार, आणि शेगडीवर मश्रूम, एवढं बहुतेक ठिकाणी होतं. फक्त जॉनच्या पिठात अंडं घालतात का ते वेगळं विचारा.

थांबा: तीळ, सोया, गहू किंवा शिंपल्या-सुंगटांची ॲलर्जी कोणाला असेल तर टेबलावर बसल्यावर नाही, याच फोनवर सांगा. तिळाचं तेल आणि सोया सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो आणि गोचुजांग म्हणजे लाल मिरचीच्या आंबवलेल्या पेस्टमध्येही बऱ्याचदा गहू किंवा जव.

कपड्यांचं एका ओळीत, धुराचा वास बसतो म्हणून सिल्कची साडी नको, साधे सुती कपडे बरे, आणि केस मोकळे सोडू नका.

टप्पा २: बसल्यावर पहिली दहा मिनिटं

तुम्ही काही मागवायच्या आधीच नाहीतर ऑर्डर दिल्याबरोबर पाच-सहा छोट्या वाट्या टेबलावर येतात. किमची, तिळाच्या तेलातले सोयाबीनचे मोड, पालक, मुळ्याचं लोणचं, कधी बटाटा, कधी माशाच्या केकचे तुकडे. याला बान्चान म्हणतात. याचे पैसे कोरियात वेगळे लागत नाहीत आणि संपलं की परत देतात, आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी तसंच आहे, तरी परत मागताना एकदा विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक नेमकी इथे होते. भूक लागलेली असते, समोर वाट्या आल्या की लोक ते स्टार्टर समजून दहा मिनिटांत सगळं संपवतात आणि मग मांस येतं तेव्हा टेबल रिकामं. बान्चान म्हणजे आपलं लोणचं, कोशिंबीर, किसमूर. शीत यायच्या आधी कोणी लोणच्याची वाटी संपवतं का? प्रत्येक वाटीतलं एकेक चिमूट चाखा, कुठलं आंबट, कुठलं तिखट, कुठलं गोडसर ते लक्षात ठेवा आणि थांबा. भाजलेलं चरबीचं मांस तोंडात असताना आंबट किमचीचा एक तुकडा घेतलात की कळेल ती वाटी कशासाठी होती.

किमचीच्या लाल रंगाला घाबरू नका, ती मिरची बेडगीसारखी, रंग जास्त, तिखटपणा कमी. आपल्या घरच्या मासळीच्या तिखटापुढे फार काही नाही.

चमचा आणि चॉपस्टिक दोन्ही मिळतात, स्टीलच्या, चपट्या, जरा निसटतात. भात आणि रस्सा चमच्याने खायचा, बाकीचं चॉपस्टिकने, आणि नाही जमलं तर काटा मागायला लाजू नका. दोनच गोष्टी पाळा, चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत कारण तसं त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने वाढलेल्या पानात दिसतं, आणि वाटी हातात उचलून तोंडाला लावायची नाही, ती टेबलावरच ठेवायची. घरातलं सगळ्यात मोठं माणूस पहिला घास घेतं, मग बाकीचे, हे तर आपल्याला शिकवायची गरजच नाही.

तपासा: टेबलाच्या कडेला बेल आहे का, चमचे टेबलाच्या खणात आहेत का, धूर ओढणारा पाईप शेगडीवर नीट खाली ओढलाय का. पाईप वर राहिला तर अर्ध्या तासात सगळ्यांचे डोळे झोंबतात.

टप्पा ३: ऑर्डर, आणि ती सुद्धा दोन भागांत

मेनू एकाच माणसाने हातात घ्यावा. पाच जणांनी पाच मेनू उघडले की पाच डिश ठरल्याच समजा.

पहिल्या भागात मागवा: भाजायचं मांस आणि एक मधली डिश, बस. दुसरा भाग, म्हणजे भात, जिगे, नूडल्स, तो मांस संपत आलं की. वेटर एकदम सगळं लिहून घ्यायला बघतील, त्यांचाही इलाज नसतो, स्वयंपाकघरातून सगळं एकदम निघालं की त्यांचं काम सोपं होतं. तुम्ही शांतपणे सांगायचं, आता एवढंच, बाकीचं नंतर सांगतो.

चार माणसांना माझा हिशेब असा आहे: साध्या मांसाचे दोन पोर्शन, मसाला लावलेल्या मांसाचा एक किंवा नियम असेल तर दोन, एक जॉन किंवा एक ग्येरान-जिम म्हणजे मातीच्या भांड्यात फुगवलेलं मऊ अंडं. आणि शेवटी एक जिगे, दोन भात, एक नूडल्स. कमी पडलं तर मांस परत मागवता येतं, पाच मिनिटांत येतं, पण आधीच मागवलेलं परत पाठवता येत नाही.

साधं म्हणजे काय आणि मसाल्याचं म्हणजे काय हे मेनूत कळायला पाहिजे. सामग्योपसाल हे डुकराच्या पोटाकडचं थरथराचं मांस, मोकसाल मानेकडचं, चादोलबेगी बीफचे कागदासारखे पातळ काप, ही सगळी साधी, काही न लावलेली. बुलगोगी आणि यांग्न्योम-काल्बी मसाल्याची, म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि बऱ्याचदा किसलेलं नाशपाती यात मुरवलेली. काल्बी म्हणजे बरगडी, नुसती काल्बी बीफची, पोर्कची असेल तर ते द्वेजी-काल्बी. बीफ न खाणाऱ्यांनी हा एक शब्द लक्षात ठेवा, द्वेजी म्हणजे डुक्कर.

पोर्क-बीफ दोन्ही चालत नाही अशी घरं आपल्याकडे पुष्कळ, त्यांनी दाक म्हणजे चिकन आणि हेमुल म्हणजे समुद्रातलं हे शब्द शोधा. हेमुल-पाजॉन, म्हणजे कांद्याची पात, सुंगटं आणि माणकी म्हणजे स्क्विड घातलेलं जाड धिरडं, आमच्या आईला सगळ्यात आवडलं ते तेच.

थांबा: ऑर्डर वेटरकडून परत वाचून घ्या, आणि वाचताना प्रत्येक मांसापुढे बीफ, पोर्क की चिकन हे त्याच्या तोंडून ऐका. मोठ्या आवाजाच्या जागेत पोर्कचं बीफ व्हायला वेळ लागत नाही.

टप्पा ४: भाजणं

महागड्या ठिकाणी बहुतेक वेळा वेटर स्वतः येऊन भाजून, कात्रीने कापून देतो. तसं असेल तर चिमटा त्याच्याच हातात राहू दे, मध्ये मध्ये तुकडे उलटू नका, त्याचा अंदाज चुकतो. पण गर्दीच्या वेळी तो चार टेबलं सांभाळत असतो, म्हणून स्वतःला यायला हवं.

क्रम असा, आणि हा क्रम या अख्ख्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे:

१. शिवराक माणसाचं मश्रूम, टोफू, भाजी, स्वच्छ जाळीवर सगळ्यात आधी. नंतर त्या जाळीवर मांस चढलं की त्यांना काही राहत नाही. भाजून त्यांच्या ताटलीत काढून द्या, त्यांचा चिमटाही वेगळा.
२. मग साधं मांस, त्यातही आधी पातळ काप, नंतर जाड.
३. मग मसाल्याचं, जाळी बदलून.

आमच्याकडे तेव्हा बुलगोगी आधी टाकली गेली होती, कारण ताटलीत तीच सगळ्यात सुंदर दिसत होती. त्या मसाल्यात साखर असते. दोन मिनिटांत जाळीवर काळा थर धरला, वास कडू यायला लागला आणि नंतर जे जे त्यावर टाकलं त्याला तो जळका कडूपणा लागला, चांगलं महागाचं सामग्योपसाल अक्षरशः फुकट गेलं. वेटरला सांगितलं असतं तर त्याने जाळी बदलून दिली असती, ती फुकटच बदलतात, पण हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आता एक तुकडा नीट भाजू. शेगडी आधी चांगली तापू दे. तळहात जाळीपासून वीतभर वर धरा, दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला म्हणजे तयार. सामग्योपसालची लांब पट्टी आडवी ठेवा, चर्र असा आवाज लगेच यायला हवा, नाही आला तर उचला आणि थांबा. ठेवल्यावर दाबू नका, दाबलं की रस खाली निखाऱ्यावर जातो आणि जाळ उठतो. वरच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागले आणि कडा पांढुरक्या झाल्या की उलटा. खालची बाजू सोनेरी तपकिरी दिसली पाहिजे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा भाजल्यावर येतो तसा रंग. दुसरी बाजू पण तशीच झाली की चिमट्याने पट्टी उभी धरून कात्रीने एका घासाचे तुकडे करा, आणि मग ते तुकडे कापलेल्या कडेवर उभे करून अजून मिनिटभर. ही शेवटची मिनिटभराची पायरी लोक विसरतात, आणि मग आत गुलाबी राहतं. पोर्क आणि चिकन आतपर्यंत पूर्ण शिजलेलंच खायचं, गुलाबी नाही.

जाळीऐवजी तिरका तवा असेल तर तो मुद्दाम तिरका असतो, चरबी एका टोकाला वाहत येते. त्या खालच्या टोकाला किमची आणि लसणाच्या पाकळ्या ठेवा. त्या चरबीत भाजलेली किमची म्हणजे, मी एवढंच सांगते, की बाबांनी मांस सोडून तीच खाल्ली.

मसाल्याच्या मांसाला आच मध्यम, आणि ते सारखं उलटत राहायचं, जळू द्यायचं नाही. बुलगोगीचे काप पातळ असतात, अर्ध्या-एक मिनिटात होतात, तिथून नजर हलवू नका.

तपासा: कच्चं उचलायचा चिमटा आणि शिजलेलं उचलायचा चिमटा वेगळा आहे का? नसेल तर दुसरा मागा. आणि ज्या चॉपस्टिकने जेवताय तिने कच्चं मांस जाळीवर ठेवू नका. जाळी काळी पडली की बेल दाबा, जाळी बदला म्हणा, दोनदा-तीनदा बदलली तरी कोणी काही म्हणत नाही. आणि एकावेळी जाळी गच्च भरू नका, जेवढं गरम गरम खाल तेवढंच टाका.

टप्पा ५: पानात गुंडाळून खाणं

मांसाबरोबर लेट्यूसची पानं आणि पेरिलाची दातेरी कडेची पानं येतात, पेरिलाला उग्र वास असतो, काहींना पहिल्या झटक्यात आवडत नाही. यात गुंडाळून खातात त्याला साम म्हणतात आणि हे हातानेच खायचं. आईला चॉपस्टिकचं टेन्शन आलं होतं, हाताने खायचं आहे म्हटल्यावर ती मोकळी झाली.

पान डाव्या तळहातावर घ्या. त्यावर मांसाचा एकच तुकडा, सामजांगला लावून. सामजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची आणि मिरचीची घट्ट चटणी, खारट असते, वाटाण्याएवढी पुरे. वर भाजलेल्या लसणाची एक चकती, हवी तर हिरव्या मिरचीचा तुकडा, चिमूटभर भात. कडा आत दुमडून गोळी करा आणि एका घासात तोंडात टाका. अर्धा चावून अर्धा हातात ठेवला की सगळं कपड्यावर सांडतं. म्हणूनच छोटं करायचं, पान मोठं असेल तर ते आधी फाडून अर्धं करा. दोन-तीन तुकडे, चार बान्चान सगळं एका पानात कोंबलं की तोंड मिटत नाही आणि चव पण कळत नाही.

प्रत्येक तुकडा पानात घालायलाच पाहिजे असं नाही. पहिला तुकडा नुसता तिळाच्या तेल-मिठाला लावून खा, मग मांसाची चव कळते.

टप्पा ६: शेवटचं जेवण

मांसाचे शेवटचे चार-पाच तुकडे राहिले की आता दुसरी ऑर्डर द्या. कोरियात मांस झाल्यावर खरं जेवण विचारतात, म्हणजे भात आणि द्वेन्जांग-जिगे, नाहीतर थंड नूडल्स. द्वेन्जांग-जिगे हे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं कालवण, वास उग्र, पण भाताबरोबर खाल्लं की आपल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं, शीतकडीच ती, म्हणजे आपली भात-आमटी. भांडं उकळतच टेबलावर येतं आणि पाच मिनिटं उकळत राहतं, मुलं जवळ असतील तर लांब ठेवा. पळीने आपापल्या वाटीत वाढून घ्या.

बिबिमबाप मागवलं आणि ते तापलेल्या दगडी भांड्यात आलं तर त्याला हात लावू नका, खरंच भाजतं. दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, तळाला भाताची खरपूड धरते. मग गोचुजांग एक चमचा घालून खालपासून वरपर्यंत पूर्ण कालवा, चव बघा, मग लागलं तर अजून. फोटो काढून झाल्यावर वरची भाजी वेगळी आणि खालचा भात वेगळा असं खाणारे खूप बघितले, कालवल्याशिवाय त्यात काहीच मजा नाही.

थंड नूडल्सच्या लांब धाग्यांना कात्रीने कापून देतात, आडवे-उभे एक-दोन काप पुरतात. आणि तो बीफचा रस्सा, परत आठवण.

टप्पा ७: पिणं

सोजूची बाटली साधारण ३६० मिलीची असते आणि साधी सोजू १६ ते २० टक्क्यांची, फळांच्या चवीची त्याहून सौम्य. फेणीपेक्षा हलकी म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण गोडसर लागते आणि छोटे ग्लास पटापट रिकामे होतात. स्वतःचा ग्लास स्वतः भरत नाहीत, शेजारच्याने भरायचा, मोठ्यांना दोन्ही हातांनी ओतायचं, ग्लास रिकामा झाल्यावरच परत भरायचा. माक्कॉली ही तांदळाची पांढरी गढूळ दारू, ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास, पाजॉनबरोबर फार छान लागते, ओतायच्या आधी बाटली हळूच उलटी-सुलटी करून खालचा गाळ मिसळून घ्या. न पिणाऱ्यांना बोरीचा, म्हणजे भाजलेल्या जवाचा चहा.

थांबा: जेवायला बसायच्या आधीच परतीची टॅक्सी ठरवून ठेवा. किनारपट्टीवरून रात्री अकरानंतर फोंड्याला किंवा डिचोलीला यायला टॅक्सी मिळवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि प्यायलेल्या माणसाने गाडी हातात घ्यायची नाही.

टप्पा ८: बिल

बिल आलं की पोर्शन मोजा, नंतर परत मागवलेलं मांस दोनदा लागलेलं नाही ना ते बघा, बान्चानचे पैसे लावलेत का ते बघा. जीएसटी साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, मोठ्या हॉटेलच्या आत असेल तर १८ टक्के असू शकतो. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे तो हिशेब वेगळा दिसला पाहिजे. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या, तेव्हा नको असेल तर काढायला सांगा. पण ज्या मुलाने तासभर धुरात उभं राहून तुमचं मांस भाजलं, त्याच्या हातात काहीतरी जरूर ठेवा. कोरियात टीप देत नाहीत, आपल्याकडे देतात आणि द्यावी.

उरलेलं कच्चं मांस पॅक करून आणू नका, गोव्याच्या उकाड्यात गाडीत तासभर ते टिकत नाही. भाजलेलं किंवा जॉन आणायला हरकत नाही. आणि घरी आल्यावर कपडे कपाटात नाही, रात्रभर बाल्कनीत टांगा, आत्याच्या सुती साडीचा वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला, माझी ओढणी मात्र दोनदा धुवावी लागली.